नकाराचा अंगठा

तुझ्या तेराव्याच्या पंगतीत तुला नोटीस आली.

पत्रावळ्या मांडून झाल्या होत्या, पहिली पंगत बसली होती. पंचायतीचा शिपाई चपला न काढता मांडवात शिरला आणि मोठ्यानं विचारू लागला, "कौशल्याबाई हायत का?" माणसांचे हात तोंडापाशी थांबले. मीच म्हणलं, "हाय की. बस, तिचंच जेवण चाललंय." तेव्हा कुठं त्याची ट्यूब पेटली. तोंड पाडलं त्यानं, पण पोचपावतीवर माझा अंगठा घेतल्याशिवाय हलला नाही. पोच घेतली, कागद खिशात घातला आणि मग बुंदी खाऊन गेला.

माझ्या मनात आलं, ही बुंदी त्याच्या तोंडातून परत काढावी.

नोटिशीत लिहिलं होतं की अपीलकर्ती कौशल्याबाई यांनी बीडला सुनावणीला जातीनं हजर राहावं. नाही राहिल्या, तर त्यांना काही म्हणायचं नाही असं समजून प्रकरण निकाली काढण्यात येईल.

तुला काही म्हणायचं नाही! तुला! चूल फुंकताना सुद्धा त्या धुराला दोन शब्द सुनावणाऱ्या बाईला! मी ती ओळ तीनदा वाचली. तिसरीपर्यंतच शिकलेला माणूस मी, बोट ठेवून वाचतो. बोट त्या ओळीवरून सरकेना.

मंगलनं कागद माझ्या हातातून घेतला, वाचला, घडी केली. पोरीचे डोळे रडून रडून सुजले होते. म्हणाली, "दादा, जाऊ द्या आता. आई गेली, तिच्यासंगं तेबी गेलं. कुणाला दाखवायचंय?"

खरं सांगतो, त्या घटकेला मला सुटल्यासारखं वाटलं. जाऊ द्यावं. नोटीस चुलीत घालावी. तारीख निघून जाईल, प्रकरण बंद होईल आणि त्या फायलीत एक ओळ कायमची राहील, की अर्जदार कौशल्याबाई हिने देऊ केलेले काम नाकारले. तू गेलीस, ती ओळ राहिली. कुणाचं काय अडलं?

आणि त्याच घटकेला माझी मलाच इतकी शिसारी आली की समोरची पत्रावळ सारून मी उठलो. लोकांना वाटलं, म्हातारा दुःखानं उठला.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मी एकदा पहिल्यापासून सांगणार आहे. तीन वर्षं मी हे उलटं-सुलटं करून मनात ठेवलं. आता सरळ करून लिहितो.

तू कावून रोजगार हमीचं काम मागितलंस, ते मला तेव्हा कळलंच नाही. आपण लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ऊस तोडायला जात होतो. फडावर नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम सांजेला मोजतो, "कोयते किती?" "चौदा." म्हणजे माणसं अठ्ठावीस, पण मोजायची चौदा. कोयत्याला नाव नवऱ्याचं. उचल नवऱ्याच्या हातात, अंगठा नवऱ्याचा. मला सही येते, पण मुकादमानं कधी पेन दिला नाही, शाईचा डबाच पुढं केला, आणि मीही कधी मागितला नाही. बायको मोळ्या बांधणार, डोक्यावर वाहणार, गाडी भरणार, कोपीत येऊन भाकरी थापणार आणि मोजायच्या वेळी ती कोयत्यात धरलेली असणार. मला यात काही वावगं दिसलं नाही. दिसायला पाहिजे होतं. चाळीस वर्षं समोर होतं.

तुला मात्र लहानपणचं एक आठवायचं. दुष्काळाच्या कामावर तू आईसंगं खडी फोडायला जायचीस, आणि कारकून सकाळी हजेरी घ्यायचा. "कौशल्या!" "हाय!" ते तू मला किती वेळा करून दाखवलंस. "असं नाव घेतल्यावर लई बरं वाटायचं बघा. वाटायचं, आपण हाओत." मी म्हणायचो, "मग मी घेतो की नाव, ये कौशल्या, च्या ठेव." तू हसायचीस. एकदा हसली नाहीस. म्हणालीस, "तुमी नाव घेता ते च्या पायी."

त्या वर्षी तुझी पाठ धरली होती. मोळी उचलताना तोंडातून आवाज निघायचा. बचत गटातल्या बायकांकडून तू ऐकून आलीस, की लेखी काम मागितलं तर सरकारला पंधरा दिवसांत काम द्यावं लागतं आणि नाही दिलं तर भत्ता द्यावा लागतो. गटात सही करायला शिकल्यापासून तुझा हात शिवशिवत होताच. तू अर्ज केलास. तुझ्या एकटीच्या नावानं. ऊसतोडीला यंदा यायचं नाही म्हणालीस.

आपण त्यावर किती भांडलो! मी म्हणलं, "आगं, मुकादमाची उचल घेऊन बसलोय, एकटा जाऊन काय अर्धा कोयता लावू?" तू म्हणालीस, "लावा. अर्धा कोयता असतोय का न्हाई बघा तरी एकदा." मी म्हणलं, "लोकं हसतेल." तू म्हणालीस, "हसू द्या. मी अर्धी हाय हे त्यायला तवा तरी कळंल." मग तू भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर अर्जाच्या तारखेपासून रोज एक रेघ ओढायला लागलीस. पंधराव्या रेघेला म्हणालीस, "आज संपलं. न्हाई दिलं त्यायनी काम." आणि बोचकी बांधायला घेतलीस. दिवाळी झाल्यावर आपण ट्रॅक्टरात बसलो. शिरूर मागं पडलं तेव्हा तू विचारलंस, "रोजगार सेवकाकडून काई निरोप आलता का वो?"

मी म्हणलं, "न्हाई."

निरोप आला होता.

तुझ्या बाराव्या का तेराव्या रेघेच्या दिवशी. मी मुकादमाच्या ओट्यावर बसलो होतो. रोजगार सेवक मोटारसायकलवरून आला. आपल्याच गावचा पोर, तुला मावशी म्हणणारा. म्हणाला, "काका, मावशीला काम निघालं. शेजारच्या गावात रोपवाटिका हाय, पिशव्यांत माती भरायची. सोमवारपासून. मावशीला म्हणावं हजर व्हा. येणार नसल्या तर इथं तसं लिहून द्या."

बसून करायचं काम. सावलीत. मातीच्या पिशव्या. तुझ्या पाठीसाठी देवानं धाडल्यासारखं काम.

मुकादम पान चघळत होता. म्हणाला, "काय बे, मग यंदा अर्धाच कोयता आणतूस काय?" आणि ओट्यावरचे चौघं हसले. एवढंच झालं. कुणी मारलं नाही, धमकावलं नाही. चौघं हसले. आणि मी म्हणलं, "ती न्हाई येणार. लिही."

"अंगठा?"

"आण."

मी अंगठा दिला. त्यानं शेजारी तुझं नाव लिहिलं. मी बघत होतो तो लिहीत असताना. तिसरी शिकलेला माणूस, मला क आणि काना वाचता येतो. मी काही बोललो नाही. फडावर असंच असतं, नवऱ्याचा अंगठा म्हणजे कोयत्याचा अंगठा. तसा मी तो दिला, विडी पेटवावी तसा. घरी आलो, शाई धोतराला पुसली आणि जेवलो. तू वाढलंस.

पाडव्याला फडावरून परत आलो तेव्हा गावातल्या ज्या चौघी रोपवाटिकेवर गेल्या होत्या त्यांच्याकडून तुला कळलं. तू तडक पंचायतीत गेलीस. भत्त्याचा अर्ज टाकलास. उत्तर आलं, तू काम नाकारलंस, तुझा अंगठा आहे. तालुक्याला अपील केलंस, तिथंही तेच. मग बीडला. आणि सगळीकडं तुझं एकच म्हणणं, "मी अंगठा लावतच न्हाई. मी सही करते. हा खोटा अंगठा हाय, सेवकानं कुणाचातरी घेतलाय."

ती ग्रामसभा मला विसरता येत नाही. मारुतीच्या पारावर सगळं गाव. तू उभी राहिलीस आणि सेवकाला धुतलंस. "मुडद्या, तुझ्या हाताला किडे पडतेल. तुझ्या वहीला वाळवी लागंल. तुझ्या मायनं तुला जन्म द्यायच्या ऐवजी चार शेळ्या पाळायच्या होत्या." गाव हसत होतं. त्याची बायको, त्याची आई तिथंच बसली होती. पोर मान खाली घालून उभं होतं. एकदाच त्यानं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. मी तुझी छत्री धरून उभा होतो. मी चपलेकडं बघितलं.

तो कावून गप्प बसला, ते मला माहीत होतं. दुसऱ्याच्या अंगठ्यापुढं तुझं नाव त्यानं लिहिलं होतं. नोकरी गेली असती. तो माझ्यापायी गप्प आणि मी त्याच्यापायी गप्प. दोघं मिळून एक कोयता.

थू माझ्यावर.

तुझा वारस व्हायला मला पंधरा दिवस लागले. जिवंतपणी तुझा नवरा व्हायला अर्धा दिवस लागला होता, मांडव उन्हात तापला होता म्हणून भटजींनी घाई केली. मेल्यावर तुझा कोण लागतो हे सिद्ध करायला मृत्यूचा दाखला, त्याच्या तीन झेरॉक्स, रेशनकार्ड, तलाठ्यापुढं दोन पंच, मंगलचं ना-हरकत आणि मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र. जिथं जावं तिथं भिंतीचे कोपरे पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल. एका टेबलावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून जेवणाच्या सुट्टीवर. खिडकीतला माणूस वर न बघता विचारतो, "मयत?" तुझं नाव मयत. चाळीस वर्षांत मी तुझं नाव चार लोकांत घेतलं नाही, मंगलची माय म्हणायचो. आता रोज कुठल्या तरी खिडकीत तोंड घालून, जाळीतून, मोठ्यानं म्हणतो, "कौशल्या." आणि पलीकडचा म्हणतो, "मोठ्यानं बोला."

कोर्टाबाहेर झाडाखाली टंकलेखक बसतो, त्याच्याकडं गेलो. त्याच्याकडं सगळं आधीच छापून तयार असतं, नुसती नावं घालायची. वाचून दाखवू लागला, "मयत ही गृहिणी होती..."

मी म्हणलं, "थांब. काय होती?"

"गृहिणी. म्हणजे घरकाम."

"काढ ते."

"काका, बायकांचं तसंच लिहितेत."

"तिनं ऊस तोडलाय. तसं लिही."

त्यानं चष्मा वर केला. "कोयता कुणाच्या नावानं होता?"

"माझ्या."

"मग त्यांचं ऊसतोड कसं लिहू? पुरावा काय?"

मी त्याला मारलं असतं. हात उचलला होता. मग मला कळलं की हा मला माझीच वाक्यं परत ऐकवतोय. तिथं झाडाखाली, त्या टकटकीत मला पहिल्यांदा कळलं, की तू अर्ज का केला होतास. तू जिवंत असताना नाही कळलं. टंकलेखकाकडून कळलं. किती घाण गोष्ट आहे ही!

शेवटी मी म्हणलं, "मजूर लिही." त्यानं मजूर लिहिलं. मग विचारलं, "मयताची मालमत्ता?"

"एक भांडण हाय."

"काय?"

"अपील हाय एक बीडला. तेवढंच सोडलंय तिनं."

तो हसला. म्हणाला, "मग तुमी भांडणाचे वारस." मी म्हणलं, "व्हय, तसंच लिही." त्यानं तसं नाही लिहिलं. त्याच्या छापील कागदात तो रकाना नव्हता.

दोन गोष्टी आहेत, ज्या मला तेव्हा कळायला हव्या होत्या. मी त्या कळू दिल्या नाहीत.

पहिली, तू एकटी बीडला गेलीस तो दिवस. तुला मिळालेली नक्कल नुसती काळी होती, अंगठ्याच्या जागी डांबराचा ठिपका. तू म्हणालीस, मला मूळ कागद बघायचाय, आणि तसा अर्ज करून तारीख मिळवलीस. मी येतो म्हणलं तर म्हणालीस, "कशाला? मला वाचता येतंय." सांजच्या गाडीनं आलीस. पदर झटकलास, पाय धुतलेस, धपाट्यांचं पीठ मळायला बसलीस. मी दारात बसून होतो. विचारलं, "काय दिसलं?"

"अंगठाच दिसला. दुसरं काय दिसणार?"

मला धपाटे वाढलेस, वर लोण्याचा गोळा. आणि त्या दिवसानंतर तू सेवकाला कधी शिवी दिली नाहीस. मला वाटलं, थकलीस.

माझ्या डाव्या अंगठ्यावर आडवी खूण आहे. फडावर कोयता निसटला होता, मंगल पोटात असताना. रक्त थांबेना. तू पदराची चिंधी फाडलीस, चुना-तंबाखू दाबलीस, बांधलंस आणि दहा दिवस रोज सोडून बघितलंस. जखम भरली पण खूण राहिली. कागदावर अंगठा उठवला की मधोमध पांढरी रेघ उठते. ती रेघ या जगात मुकादमानं कधी बघितली नाही, सेवकानं नाही, मी स्वतः नाही. तू बघितली असशील हे माझ्या डोक्यात आलं नाही. का आणू दिलं नाही मी?

दुसरी गोष्ट, दवाखान्यातली. नर्स संमतीचा कागद घेऊन आली, माझ्यापुढं शाईचा डबा धरला. "आजोबा, अंगठा." मी हात पुढं केला. तू खाटेवर डोळे मिटून होतीस, सलाईन लावलेलं. डोळे न उघडता म्हणालीस, "मी सही करते." नर्स म्हणाली, "मावशी, तुमचा हात थरथरतोय." तू म्हणालीस, "थरथरू दे." सही केलीस. कौ वरच्या मात्रा रेघेबाहेर गेल्या. मग माझ्याकडं बघून म्हणालीस, "तुमचा अंगठा ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी."

मी दवाखान्याबाहेर आलो, टपरीवर च्या घेतला, आणि तो तसाच ओतून दिला. वर जाऊन सांगायला पाहिजे होतं. दोन दिवस होते माझ्याकडं. मी तुला मोसंबी सोलून दिली.

सुनावणीला मॅडम होत्या. मंगलपेक्षा लहान असतील. समोर एका बाजूला सेवक, एका बाजूला मी. तुझी खुर्ची म्हणून मला बसवलं. फाईल एवढी जाड, तू केवढं लिहिलंस गं!

मॅडम म्हणाल्या, "अपीलकर्तीचं म्हणणं होतं की हा अंगठा त्यांचा नाही. ग्रामरोजगार सेवक म्हणतात की नकार खरा आहे. तुम्ही वारस. तुमचं काय म्हणणं?"

मी म्हणलं, "दोघंबी खरं बोलतेत."

"म्हणजे?"

"अंगठा तिचा न्हाई. माझा हाय." आणि हात टेबलावर ठेवला. "बायकोला इचारलं न्हवतं. घरी गेल्यावर सांगितलंबी न्हाई. तिनं निरोप आलता का म्हणून इचारलं, तर न्हाई म्हणलं. पोरानं मागितला, मी दिला. नाव त्यानं लिहिलं, ते मी बघितलं. तिला मरंपर्यंत सांगितलं न्हाई."

सेवकाच्या हातातला पेन खाली पडला. त्यानं उचलला नाही.

मॅडमनी मूळ कागद काढला, माझ्या अंगठ्याजवळ धरला, दोन्हीकडं बघितलं. पांढरी रेघ. शिपाई सुद्धा वाकून बघू लागला, बाजारात बैलाचे दात बघावे तसा. मॅडम म्हणाल्या, "बाबा, का दिलात?"

आता याला काय सांगायचं? मी म्हणलं, "फडावर दोघांचा मिळून एक अंगठा असतोय, मॅडम. मला वाटलं, इथंबी तसंच असंल." हे बोललो आणि मला वाटलं, हेही खोटंच. मग म्हणलं, "आन् चार माणसं हसली म्हणून."

त्या फाईल चाळत मागं गेल्या, आणि एका पानावर थांबल्या. "हे बघितलंय का तुम्ही?" म्हणाल्या. "मूळ कागद बघून गेल्या, त्याच दिवशी इथं बसून लिहून दिलंय त्यांनी."

मला वाचवेना. चष्मा होता, तरी वाचवेना. मॅडमनीच वाचलं.

"अंगठा माझा नाही. कोणाचा आहे ते मला आज कळाले. ते मी सांगणार नाही व कोणी विचारू नये. मी काम नाकारले नाही एवढेच लिहावे. कौशल्या."

नुसतं कौशल्या. पुढं माझं नाव नाही, आडनाव नाही. हजेरीतल्यासारखं.

मॅडमनी कारकुनाला सांगितलं ते मी कानानं ऐकलं, म्हणून तुला सांगतो. "अपीलकर्तीने काम नाकारले नव्हते. मागील आदेशातील तसा निष्कर्ष रद्द करण्यात येत आहे." कारकुनानं लिहिलं. दोनदा वाचून दाखवायला लावलं मी. कारकून वैतागला. मॅडम म्हणाल्या, "वाचा हो." त्यानं वाचलं.

मग मॅडम म्हणाल्या, भत्त्याची जी काय रक्कम असेल ती वारसाला. म्हणजे मला. ज्यानं नकार दिला त्यालाच! मी म्हणलं, "मला नको, पोरीला द्या." त्याला म्हणे वेगळा अर्ज लागतो. सेवकाला वेगळी नोटीस निघणार. जबाबाखाली कारकुनानं सवयीनं शाईचा डबा माझ्यापुढं सरकवला. मी तो परत त्याच्याकडं सरकवला आणि पेन मागितला. माझी सही तुझ्यापेक्षा वाईट आहे.

बाहेर गेटजवळ सेवक मोटारसायकलीला टेकून उभा होता. मी गेलो. तीन वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं.

म्हणलं, "माफ कर बे. तिनं पारावर तुला दिलेल्या शिव्या माझ्या होत्या. त्या मला दे परत."

तो म्हणाला, "माझ्यापाशी न्हाईत, काका."

"म्हंजी?"

"मावशी आल्त्या घरी. बीडवरून आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. आईसमोर, बायकूसमोर म्हणल्या, पोरा, तुला दिलेल्या सगळ्या शिव्या मी माघारी घेते. मी पाया पडाया गेलो तर मागं सरल्या. म्हणल्या, सगळ्या न्हाई, एक राहू दे तुझ्यापाशी. माझं नाव तू लिहिलंस, त्याची."

"कोणची ठेवली?"

तो थोडा हसला. डोळे भरले होते त्याचे. "शेळ्यांची."

मी हसलो. तिथं, गेटवर, रस्त्यात, तू गेल्यापासून पहिल्यांदा. हसताना छातीत कळ आली, गाडीच्या वेळेपर्यंत तशीच राहिली.

परतताना खिडकीला बसलो होतो. हिशोब करत होतो. किड्यांची एक. वाळवीची एक. मुडद्याची एक. आणखी सहा-सात तरी असतील, पारावर तू दम घेईपर्यंत दिल्यास. त्या माघारी घेतल्यास, म्हणजे तुझ्यापाशी आल्या. त्या दिवसापासून दवाखान्यापर्यंत वर्षभर आपण एका घरात होतो. एका ताटलीत चटणी खाल्ली. रोज सकाळी तू मला उठवलंस. त्यातली एक, एकच, माझ्या तोंडावर मारली असतीस तर मी जाग्यावर सांगून टाकलं असतं. तू वाट बघत होतीस का, मी स्वतःहून बोलायची? की तुला बोलायचाही वीट आला होता माझा?

तुझ्या त्या कागदाची नक्कल मागितलीय. अर्ज केलाय, तुझ्या पंधरा दिवसांसारखा. दिनदर्शिका भिंतीवर तीच आहे, तुझ्या रेघांची. शेजारी या वर्षाची लावलीय, त्यावर मी रेघा ओढतोय. नक्कल आली की चुलीच्या वर लावणार आहे, मंगल रडली तरी.

तोपर्यंत रोज सकाळी उठतो, दाराशी बसतो आणि मोठ्यानं म्हणतो, "कौशल्या!" च्या पायी नाही. शेजारीण बघते. बघू दे. 

आत कुणी "हाय" म्हणत नाही. पण मी थोडा वेळ थांबतो. शिव्या मोजायला वेळ लागतो, आणि तुला एकही कमी द्यायची सवय नव्हती.